पास्त्याला सुट्टी, दुधीला ड्युटी!

रात्रीच्या जेवणात पास्त्याऐवजी भाजीच्या लांबच लांब रिबिनी! आयडिया भन्नाट आहे, खिशाला परवडणारी आहे आणि औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात सहज जमणारी आहे. फक्त एक गोष्ट सांभाळायची... ताट हलकं करताना पोट रिकामं ठेवायचं नाही!

वीकडेजचा डिनर हा आपल्या जनरेशनचा खरा प्रॉब्लेम. सकाळी डब्यात पोळी-भाजी असते, दुपारी कँटीन असतं. पण संध्याकाळी वाळूज, शेंद्रा नाहीतर चिकलठाण्याहून वाट काढत घरी पोचेपर्यंत साडेआठ-नऊ वाजलेले असतात. त्या वेळी कणीक मळायची हौस कोणाला असणार, सांगा? मग एक तर मोबाइल काढून ऑर्डर सोडायची, नाहीतर पंधरा-वीस मिनिटांत होणारं ‘काहीतरी’ करायचं. आणि या ‘काहीतरी’मध्ये पास्त्याचा नंबर पहिला!

आपल्या शहरात पास्ता म्हणजे बहुतेक वेळा व्हाइट सॉस पास्ता. कॅनॉटच्या कॅफेत बसा किंवा निराला बाजारात, मेन्यूकार्ड उघडलं की तो आहेच. भरपूर चीज, मक्याचे दाणे, ढोबळी मिरची आणि वरून ओरेगॅनो. मस्त लागतो, यात वादच नाही. पण दिवसभर खुर्चीत बसून काम, रात्री साडेनऊला हा पास्ता आणि साडेअकराला झोप... हे गणित रोज जमत नाही.

ते कसं बिघडतं याचं उदाहरण माझ्याच ग्रुपमध्ये आहे. माझा एक मित्र, वय २८, वाळूजच्या एका कंपनीत इंजिनीअर. सिगारेट नाही, दारू नाही, दिसायला फिट. कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये त्याचा एचबीएवनसी आला ६.१! ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी हिशोब देते. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस आणि ६.५ पासून पुढे डायबेटिस. म्हणजे साहेब बॉर्डरवर उभे! डॉक्टरांनी गोळी दिली नाही. रोज चालायला सांगितलं आणि रात्रीच्या जेवणातला मैदा-भात कमी करा म्हणाले.

तो एकटा नाही. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक प्री-डायबेटिसमध्ये, असा तो अंदाज होता. त्यामुळे ‘लाइट डिनर’ ही आता फक्त जिमवाल्यांची भानगड राहिलेली नाही.

ये रिबीन क्या चीज है?

फंडा एकदम सोपा. भाजी उभी धरायची, साल काढायच्या पीलरने वरून खालपर्यंत लांब पट्ट्या काढायच्या आणि पास्त्याऐवजी त्या सॉसमध्ये घोळवायच्या. पट्ट्या रुंद ठेवल्या तर रिबीन, बारीक कापल्या तर नूडल्स. परदेशात हे झुकिनीचं करतात. ‘झुकिनी’ आणि ‘नूडल्स’ जोडून त्याला ‘झूडल्स’ असं गमतीशीर नावही पडलं. अमेरिकेत अ‍ॅली माफुची या बाईंनी २०१३ मध्ये फक्त याच विषयावर लिहायला सुरुवात केली, २०१५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि पेन्सिलीच्या शार्पनरसारखं दिसणारं ‘स्पायरलायझर’ नावाचं यंत्र घरोघरी पोचलं.

पण आयडिया काही अमेरिकेची नाही. जपानी शेफ मुळ्याचा जाड तुकडा हातात फिरवत सुरीने त्याची कागदासारखी पातळ, सलग पट्टी काढतात. या कौशल्याला ‘कात्सुरामुकी’ म्हणतात. आणि खरी गंमत पुढे आहे. जपानच्या तोचिगी भागात चक्क दुधीच्या जातीच्या भोपळ्याच्या लांब रिबिनी काढून वाळवतात! त्यांचं नाव ‘कानप्यो’. त्या भिजवून, सोया सॉस आणि साखरेत शिजवून सुशीच्या रोलमध्ये घालतात. म्हणजे ज्या दुधीकडे बघून आपण लहानपणी नाक मुरडलं, तो तिकडे सुशीत जाऊन बसलाय!

झुकिनीची स्टोरीही अशीच. तिचे पूर्वज अमेरिका खंडातले, पण आज बाजारात मिळते ती बारकी हिरवी झुकिनी घडली एकोणिसाव्या शतकातल्या इटलीत. आपला लाल भोपळा तिचा सख्खा नातेवाईक आणि दुधी लांबचा चुलतभाऊ. त्यामुळे मॉलमध्ये झुकिनी मिळाली नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. चुलतभाऊ हातगाडीवर तयार आहे!

आकडे काय सांगतात?

आता जरा हिशोब करू. घरी एका माणसासाठी व्हाइट सॉस पास्ता केला तर अंदाजे असं होतं : १०० ग्रॅम कोरडा पास्ता ३५० कॅलरी, एक मोठा चमचा बटर १०५, एक चमचा मैदा ३०, पेलाभर दूध १२०, ४० ग्रॅम चीज १२५. टोटल ७३०. हे घरचं, मोजून-मापून केलेलं. बाहेर चीज कोण मोजतंय?

दुधीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १५ कॅलरी असतात. ३०० ग्रॅम रिबिनी म्हणजे भलीमोठी प्लेट भरते आणि कॅलरी होतात फक्त ४५! शिवाय जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. त्यातला पाऊण वाटा एका डिनरमध्येच निकालात निघतो.

पण थांबा. लगेच पास्त्याला व्हिलन करू नका. पास्त्यामुळे रक्तातली साखर पांढऱ्या ब्रेडपेक्षा हळू चढते आणि जरा कमी शिजवला तर आणखी हळू. वरचा हिशोब पुन्हा बघा. ७३० पैकी ३८० कॅलरी सॉसच्या आहेत. म्हणजे दुधीच्या रिबिनींवर तोच व्हाइट सॉस ओतला तर प्लेट ४२५ ची होते, पण उरतं काय? बटर, चीज आणि पाणी. याला लाइट म्हणायचं की स्वतःची समजूत घालायची, तुम्हीच ठरवा!

रात्री अकराची भूक

आता मुद्द्याचं. माझ्या त्या मित्राने रिबीन प्रकरण एकदम जोशात सुरू केलं. ऑनलाइन स्पायरलायझर मागवला. रोज रात्री लसूण आणि चमचाभर तेलावर परतलेल्या दुधीच्या रिबिनी, बस्स. एवढंच जेवण. पहिले तीन दिवस साहेब हवेत. चौथ्या दिवशी रात्री अकराला पोटात कावळे. पाचव्या दिवशी बिस्किटाचा पुडा. दहाव्या दिवशी बिर्याणीची ऑर्डर! वर आम्हालाच सांगतो, ‘हे डाएट-बिएट आपल्यासारख्यांसाठी नाही.’

प्रॉब्लेम त्याच्या विलपॉवरचा नव्हताच, प्लेटचा होता. ती सगळी प्लेट ९० कॅलरीची. दुधीत सुमारे ९५ टक्के पाणी, म्हणजे ३०० ग्रॅममध्ये चांगला पेलाभर पाणीच. पोट भरल्यासारखं वाटतं, पण टिकत नाही. कारण त्यात प्रोटीन जवळपास नाहीच. १०० ग्रॅम कोरड्या पास्त्यात निदान १२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. पास्ता काढला तेव्हा पिठासोबत तेही गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

इथे मला आपल्या मराठवाड्यातली वरणफळं आठवतात. कणकेच्या लाटलेल्या पोळीच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या आणि उकळत्या वरणात सोडायच्या. काही घरांत त्याला चकोल्या म्हणतात. हा आपला पास्ताच की! कुरडईची भाजी, हाताच्या शेवया... लांब-रुंद पिठाचे प्रकार आपल्याकडे काही कमी नाहीत. पण वरणफळांची आयडिया बघा. नुसती फळं कोणी ताटात वाढत नाही. ती येतात वरणात, वरून तुपाची धार. पीठ आहे तिथे डाळ आहेच. आजीला प्रोटीन हा शब्द ठाऊक नसेल, पण रात्री अकराला तिच्या घरात कोणी डबे धुंडाळत नव्हतं!

रिबिनींचा नियमही हाच. भाजीची रिबीन ही पिठाची जागा घेते, वरणाची नाही. तिलाही तिचं ‘वरण’ हवंच. ते डाळ असेल, पनीर असेल, अंडी असतील, दाणे असतील, चिकन असेल. एका प्लेटमागे १५-२० ग्रॅम प्रोटीन धरा, मग बघा झोप कशी लागते ते.

बाजारात काय घ्याल?

घाऊक भाव बघायचे तर जाधववाडी, रोजच्यासाठी औरंगपुरा, नाहीतर आपल्या कॉलनीतली हातगाडी. रिबिनींसाठी भाजी निवडताना एक साधी परीक्षा : ती सरळ असावी, घट्ट असावी आणि कोवळी असावी.

दुधी : आपला हीरो. बारीक, सरळ आणि फिकट हिरवा घ्या. साल इतकी कोवळी हवी की नख सहज रुतेल. पण आधी विचारा हं, नाहीतर मावशी ओरडतात! ‘ताई, कवळा हाय, आत बियाच नाय त्याच्या,’ असं त्या सांगतात, ते बहुतेक वेळा खरं असतं. गोलगरगरीत, मोठा दुधी मात्र हलव्यासाठी ठेवा.

झुकिनी : मॉलमध्ये आणि मोठ्या दुकानांत मिळते. साल काढायची गरज नाही. रंग छान दिसतो.

गाजर : पाणी कमी सोडतं आणि गोडसर असतं. रिबीन तुटत नाही, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी बेस्ट.

काकडी : फक्त कच्ची. शिजवली की तिचा लगदा होतो.

कच्ची पपई : किंचित कुरकुरीत राहते. मात्र प्रेग्नन्सीमध्ये टाळलेली बरी.

दोडका : आतून स्पंजासारखा असतो, त्यामुळे लांब रिबीन नीट निघत नाही. छोट्या पट्ट्या काढून थोड्या पास्त्यात मिसळायला मस्त. शिरा फेकू नका, त्यांची चटणी होते.

आणि ते स्पायरलायझर? घ्यायलाच हवं असं अजिबात नाही. साधा पीलर पुरतो. माझ्या मित्राचं यंत्र सध्या त्याच्या माळ्यावर आराम करतंय!

टेक्निक : सगळा खेळ पाण्याचा

पाण्याची किंमत या शहराला कोणी शिकवायला नको. पण रिबिनींच्या बाबतीत पाणी आणायचं नसतं, घालवायचं असतं! बऱ्याच जणांच्या पहिल्या प्लेटचं सूप होतं ते याच कारणाने. म्हणून पाच पायऱ्या लक्षात ठेवा.

एक : भाजी आधी स्वच्छ धुऊन पुसून घ्या. रिबीन फार कमी शिजते, त्यामुळे धुण्यात आळस नको.

दोन : साल काढून पीलरने एका बाजूच्या रिबिनी काढा. बिया दिसायला लागल्या की भाजी फिरवा आणि दुसरी बाजू घ्या. मधला बियांचा भाग रिबिनीत घ्यायचा नाही, सगळ्यात जास्त पाणी तोच सोडतो. तो किसून थालीपिठात टाका. दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी करा. वाया काहीच जात नाही.

तीन : ३०० ग्रॅम रिबिनींना पाव चमचा मीठ चोळा आणि चाळणीत १५ मिनिटं ठेवा. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढून घेतं. कोशिंबिरीची काकडी पिळून घेतो, तेच लॉजिक. मग सुती पंचात गुंडाळून हलक्या हाताने दाबा. मीठ लागलेलं आहे, त्यामुळे सॉसमध्ये मीठ बेतानेच! गाजराला ही पायरी लागत नाही.

चार : सॉस आधी करा आणि घट्ट करा. रिबीन उरलंसुरलं पाणी सोडणारच, ते सॉसने प्यायला हवं.

पाच : कढई कडक तापवा. रिबिनी टाका, दीड-दोन मिनिटं मोठ्या आचेवर परता. झाकण अजिबात ठेवायचं नाही, वाफ आतच राहिली की सगळी मेहनत पाण्यात. वाकते पण तुटत नाही, अशी झाली की गॅस बंद. लगेच वाढा, लगेच खा. ही डिश डब्यात नेण्यासारखी नाही. डब्याला न्यायचीच असेल तर रिबिनी आणि सॉस वेगवेगळे न्या.

चार प्लेट्स, चार रात्री

माझ्या किचनमध्ये टिकलेल्या या चार डिशेस. प्रत्येक एका माणसासाठी.

१. दाणे-लसूण रिबीन : सोलापूर-धाराशिवकडे शेंगदाण्याचा ‘म्हाद्या’ करतात, त्यावरून सुचलेला सॉस. ३० ग्रॅम भाजलेले दाणे, चार लसूण पाकळ्या, एक चमचा लाल तिखट आणि थोडं पाणी एकत्र वाटा. एक छोटा चमचा तेलात जिरे तडतडवून हे वाटण घट्ट होईपर्यंत शिजवा. ७५ ग्रॅम पनीरचे तुकडे घाला. शेवटी परतलेल्या ३०० ग्रॅम दुधीच्या रिबिनी, लिंबू, कोथिंबीर. अंदाजे ४७० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन. रात्री अकराची भूक? विसरा!

२. रिबीन-वरणफळ : ५० ग्रॅम तूरडाळ शिजवून घट्ट घोटा. फोडणीत मोहरी, हिंग, लसूण, कढीपत्ता, वर एक चमचा काळा मसाला आणि थोडा गूळ-चिंच. वरण उकळलं की मीठ लावून पिळलेल्या दुधीच्या रुंद रिबिनी सोडा, दोनच मिनिटं. वरून छोटा चमचा तूप. फळं नाहीत, पण चव तीच. डाळीतून ११ ग्रॅम प्रोटीन मिळतं, सोबत वाटीभर दही घेतलं की काम फत्ते.

३. गाजर-अंडा प्लेट : कांदा, टोमॅटो, लसूण आणि थोडा काळा मसाला परतून घट्ट ग्रेव्ही करा. त्यात २०० ग्रॅम गाजराच्या रिबिनी तीन मिनिटं परता. मध्ये दोन खळगे करून दोन अंडी फोडा आणि अंडी शिजेपर्यंत झाकण ठेवा. गाजर पाणी सोडत नाही, म्हणून इथे झाकणाला परवानगी आहे. सोबत अर्धी ज्वारीची भाकरी. बॅचलर मंडळींसाठी यापेक्षा सोपं काही नाही.

४. फिफ्टी-फिफ्टी : ज्यांना पास्ता सोडवतच नाही त्यांच्यासाठी. १०० ऐवजी ५० ग्रॅम पास्ता उकळा. तो शिजायला एक मिनिट उरलं की त्याच पातेल्यात २०० ग्रॅम झुकिनीच्या किंवा दोडक्याच्या पट्ट्या टाका आणि सगळं एकत्र गाळा. चांगलं निथळू द्या. टोमॅटो सॉस, वाटीभर उकडलेले छोले आणि वरून थोडंसं चीज. प्लेट तेवढीच भरते, पास्ता निम्मा. खरं सांगू? पाहुणे आले की मी हीच करते. कोणाच्या लक्षात येत नाही!

हे वाचल्याशिवाय दुधी कापू नका

दुधी कापला की सगळ्यात आधी छोटासा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा दुधी फेकून द्या. ‘एवढ्याशा कडवटपणाने काय होतंय’ असं म्हणू नका. काही दुधींमध्ये कुकुर्बिटासिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं. कडू चव त्याचीच असते, आणि ते शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस प्यायल्याने उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही झाल्याच्या घटना आपल्या देशात नोंदल्या गेल्यात. आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने याचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कडू रस अजिबात पिऊ नका आणि त्रास झाला तर लगेच हॉस्पिटल गाठा, हा त्यांचा सल्ला. काकडी आणि झुकिनीलाही हाच नियम लावा. मसालेदार सॉसखाली कडवटपणा लपतो, म्हणून चव आधी बघायची, सॉस नंतर!

दुसरी गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. आई-बाबांना डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन सुरू असेल तर उत्साहाच्या भरात त्यांच्या ताटातली पोळी-भाकरी काढून दुधी वाढू नका. औषधाचा डोस त्यांच्या नेहमीच्या जेवणाच्या हिशोबाने ठरलेला असतो. जेवणातलं पीठ अचानक कमी झालं तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा, मग मेन्यू बदला.

नावात काय आहे?

माझ्या आईने पहिल्यांदा ही प्लेट बघितली तेव्हा चष्मा वर करून म्हणाली, ‘बाई, ही दुधीची भाजीच की. लांब कापलेली!’ तिचं अगदी बरोबर आहे. आणि मला वाटतं, हे मान्य केलं की अर्धं काम होतं. रिबीन म्हणजे डिट्टो पास्ता अशी अपेक्षा ठेवून बसलात तर पहिल्या घासालाच पोपट होईल. ती पास्त्यासारखी चिवट लागत नाही, तिला पिठाची चव नाही. ती भाजी आहे. पण काट्यावर गुंडाळून खाता येते, सॉस छान धरते आणि वाटीत कोपऱ्याला पडून राहणारी दुधी प्लेटच्या मध्यभागी येते. ज्या दुधीला ‘हॉस्पिटलची भाजी’ म्हणून हिणवलं, ती मंडळी आवडीने दुसऱ्यांदा वाढून घेतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माझा मित्रही पुन्हा मार्गावर आलाय. आता आठवड्यातून तीनच रात्री रिबीन. त्यात दाणे, पनीर किंवा डाळ मस्ट. बाकीच्या रात्री भाकरी-भाजी आणि जेवणानंतर अर्धा तास सिडकोच्या रस्त्यांवर वॉक. रविवारी नान-खलिया असेल तर तोही खातो, पण मग रात्री हलकं. सहा महिन्यांनी त्याने टेस्ट पुन्हा केली तेव्हा आकडा होता ५.८. अजून बॉर्डरच्या आत आला नाहीये, पण दिशा बरोबर आहे. हे एकट्या दुधीचं श्रेय नाही, हे तोही सांगतो. चालणं आहे, वेळेवर जेवण आहे आणि मुख्य म्हणजे रात्री अकराची ती ऑर्डर बंद झाली आहे.

तेव्हा दोस्तहो, सोमवारपासून आयुष्य बदलायच्या शपथा घेऊ नका. या आठवड्यात फक्त एक रात्र निवडा. घरी येताना एक कोवळा दुधी उचला. तुकडा चाखा, रिबिनी काढा, मीठ लावून ठेवा आणि तोवर चेंज करून या. पंधरा मिनिटांत त्या तयार आणि तुम्हीही. आणि हो, प्लेटमध्ये रिबिनीचं ‘वरण’ आहे ना, तेवढं एकदा बघून घ्या!